अबाबुआंचं पुस्तक आणि रविवार कारंजाजवळचं बायंडिंगचं दुकान

दुकानाला पाटी नाही. रविवार कारंजावरून आतल्या गल्लीत वळलं की स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाला लागून एक लाकडी जिना वर जातो. त्या जिन्याखालची दहा बाय बाराची जागा म्हणजे हे दुकान. बाहेर स्टुलावर कोर्टाच्या फायली, रोजकीर्दीची बाडं आणि कुणाकुणाचे प्रबंध रचून ठेवलेले दिसतील, तीच खूण. जानेवारीपासून मी तिथं सात वेळा गेले, एकाच पुस्तकासाठी. नाशिकमध्ये जुजबंदी शिलाई, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे दोऱ्यानं शिवून बांधणं, अजून कोण करतं, हे शोधायला मला दोन महिने लागले होते. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पुस्तकाबद्दल सांगायला हवं, कारण काम त्याच्यामुळेच अवघड होतं. 1911 साली ब्रुसेल्सला छापलेलं हे फ्रेंच पुस्तक जोसेफ हाल्किन यांनी संकलित केलेलं आहे. विषय अबाबुआ लोक. काँगोच्या अगदी उत्तरेला, उएले नदीच्या दक्षिणेच्या जंगलपट्ट्यात हे लोक राहतात. बुटा, बांबेसा, बोंडो, आकेटी ही त्यांच्या मुलखातली गावं. 2015 पासून तो भाग बास-उएले नावाचा वेगळा प्रांत आहे आणि बुटा त्याची राजधानी. पुस्तक इतकं जुनं आहे की त्याची स्कॅन केलेली प्रत नेटवर मिळते. सहाशेच्या वर पानं. फोनवर वाचून डोळे दुखायला लागले, म्हणून छापून घ्यायचं ठरवलं. फ्रेंच मी नोकरीत असतानाच संध्याकाळच्या वर्गाला जाऊन तीन वर्षं शिकले होते. वाचताना कोश शेजारी लागतो, पण वाचता येतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. मूळ गाव पेठ तालुक्यात, घरात कोकणा बोली. माझे वडील बोहाड्याची सोंगं करायचे. ज्यांनी बोहाडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: पेठ, सुरगाणा, तिकडे मोखाडा, जव्हार या भागात उन्हाळ्यात रात्ररात्र सोंगं नाचवतात. गणपती, सरस्वती, खंडेराव, रावण, वेताळ. संबळ वाजतो, टेंभे पेटतात आणि लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा चढवून माणूस मांडवात येतो. वडील दोन्ही प्रकारचे मुखवटे करायचे. लगदा वाळत असताना त्याला कान लावायचं काम माझ्याकडे असे. मी कान नेहमी मोठे लावायची आणि ते म्हणायचे, राहू दे, ऐकू येईल त्याला.

चार वर्षांपूर्वी युरोपातल्या एका संग्रहालयाच्या छापील सूचीत मला अबाबुआंच्या मुखवट्याचा फोटो दिसला. लाकडी चेहरा, काळ्या आणि पांढऱ्या मातीचे मोठमोठे पट्टे, उघडे दात, आणि दोन्ही बाजूंना थाळीसारखे गोल, मधून पोकळ कान. मी ते पान किती वेळ बघत बसले होते, सांगता येणार नाही. खाली दोन ओळी होत्या: काँगो, बोआ लोक, लाकूड, रंग. मुखवटा कोणी कोरला, त्याला काय म्हणत, तो कधी बाहेर निघायचा, यातलं काही नाही. अबाबुआंना बोआ, बबुआ, बुआ असंही लिहितात, हे कळायलाच मला काही आठवडे लागले. त्यांचे मुखवटे संग्रहालयांमध्ये फार थोडे आहेत आणि अभ्यासक ते लढाईच्या तयारीशी जोडतात. त्यापुढचं शोधता शोधता मी या पुस्तकापर्यंत आले.

पहिल्यांदा मी छपाई आणि बायंडिंग एकाच ठिकाणी दिलं होतं. कोणत्या, ते लिहीत नाही. त्यांनी सुटी पानं एकावर एक ठेवली, पाठीला गरम गोंद लावला, वर लॅमिनेशनचं कव्हर चढवलं आणि तिन्ही बाजूंनी कटिंग मारलं. दुसऱ्या आठवड्यात मधली चाळीस पानं हातात आली. त्याहून वाईट म्हणजे कटिंगमध्ये खालच्या तळटिपा गेल्या. या पुस्तकात कोणती माहिती कोणाकडून आली हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमका तो भाग कचऱ्यात गेला. मी तक्रार केली तर म्हणाले, मॅडम, एवढं बारीक कोण वाचतं. मी वाचते. पुन्हा छपाईचे पैसे घातले.

सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या सावानात, एका गृहस्थांच्या हातात जुना दिवाळी अंकांचा बांधीव गठ्ठा होता. पाठ गोल, पानं सपाट उघडणारी. त्यांना विचारलं आणि या दुकानाचा पत्ता मिळाला.

दुकानात बाप-लेक दोघं बसतात. वडील साठीच्या पुढचे, त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांचे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, कागदाची ओळख घरात तिथून आली. पहिल्या भेटीत दादांनी माझा छापील गठ्ठा हातातही घेतला नाही. एकच पान घेतलं, त्याचा कोपरा आधी उभा फाडला, मग आडवा. उभा वेडावाकडा गेला, आडवा सरळ फाटला. "ताई, कागद ज्या अंगाला वळतो ते अंग पाठीकडं पाहिजे. हे उलटं छापलंय. शिवलं तरी पुस्तक फुगून बसेल." आणि मला परत पाठवलं. पैसे घ्यायची घाई असलेल्या माणसानं असं केलं नसतं.

मग त्यांनी सांगितलं तसं छापून आणलं. 80 जीएसएमचा, किंचित पिवळसर मॅपलिथो. पान ए फाइव्ह, मोठ्या कागदावर पाठपोट अशा क्रमानं की चार कागद एकात एक घालून दुमडले की आठ पानांचा, म्हणजे सोळा पृष्ठांचा, एक जुज व्हावा. असे एकोणचाळीस जुज झाले. खालची समासाची जागा मुद्दाम मोठी ठेवून घेतली.

माझी खरी मागणी मात्र वेगळी होती. मला पुस्तकात कोरी पानं हवी होती. शेवटी वहीसारखी जोडलेली चालणार नव्हती, मजकुराच्या मध्ये मध्ये हवी होती.

त्याचं कारण पुस्तकाच्या घडणीत आहे. ते कुणी एकानं तिथं राहून लिहिलेलं नाही. जेवणखाण, घर, लग्न, मरण, देव, लढाई असे विषय पाडून प्रत्येकाखाली अधिकाऱ्यांनी, प्रवाशांनी, मिशनऱ्यांनी दिलेली माहिती नावानिशी ओळीनं लावली आहे. एक म्हणतो असं, दुसरा म्हणतो तसं. संकलकानं दोन्ही ठेवलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण उत्तरं देणारे कोण, हे बघा. 1885 ते 1908 हा मुलूख बेल्जियमच्या राजाच्या, दुसऱ्या लिओपोल्डच्या, खासगी मालकीचा होता. गावागावांवर रबर गोळा करून देण्याची सक्ती होती. अबाबुआंनी त्या सत्तेविरुद्ध 1903 मध्ये आणि 1904 मध्ये उठाव केला. 1908 मध्ये वसाहत बेल्जियम सरकारकडे गेली, त्यानंतर 1910 मध्ये पुन्हा केला. पुस्तक छापलं गेलं 1911 मध्ये. म्हणजे ज्यांच्या विरुद्ध लोक उठले, त्याच बाजूचे लोक इथं त्या लोकांचा स्वभाव सांगत आहेत. असं पुस्तक फेकून देण्यासारखं नसतं, त्यात घराची मापं आहेत, शेतीची कामं आहेत, शब्द आहेत. पण ते एकटं वाचण्यासारखंही नसतं. प्रत्येक विधानाशेजारी आपला प्रश्न लिहायला जागा पाहिजे. मी शिक्षिका होते, मुलांच्या वहीत समास सोडायला लावणं हा माझा आग्रह असायचा. इथं समास पुरणार नव्हता.

दादांना हे मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही हो-हो म्हणून आटपतं घेतलं नाही. ऐकून झाल्यावर विचारलं, "त्या लोकांपैकी कुणाची उत्तरं नाहीत का त्यात?" मी म्हटलं, त्यांच्या तोंडून ऐकलेलं असेल, पण सही दुसऱ्याची. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग पानं भरपूर घालू."

प्रत्येक छापील पानानंतर एक कोरं घालावं अशी माझी कल्पना होती. त्यांनी ती मोडली आणि बरं केलं. तसं केलं असतं तर पुस्तक दुप्पट जाड होऊन पाठ तुटली असती. त्यांनी समोर चार कागद दुमडून दाखवलं: जुजातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदाच्या मध्ये एक कोरा कागद, आणि अगदी पोटात एक. दुमडल्यावर आठ छापील पानांमागे, म्हणजे पानाच्या दोन्ही बाजू धरून, चार कोरी पानं येतात, तीही विखुरलेली. पोटातली दोन समोरासमोर येतात, तिथं नकाशा किंवा तक्ता काढता येतो. एकोणचाळीस जुजांमध्ये मिळून एकशे छप्पन्न कोरी पानं झाली. कोऱ्या पानांना त्यांनी लेजर कागद, म्हणजे हिशेबाच्या वह्यांचा जाड कागद, सुचवला, शाई पलीकडे उतरत नाही म्हणून. आणि दोन खंड करायला सांगितलं, वीस जुजांचा पहिला, एकोणिसाचा दुसरा.

शिलाई बघायला मिळावी म्हणून मी मुद्दाम दुपारी गेले. जुज नीट ठोकून शिकंज्यात धरतात, मग पाठीवरून पेन्सिलीनं एक तिरपी रेघ ओढतात, पहिल्या जुजापासून शेवटच्यापर्यंत. एखादा जुज मागेपुढे झाला तर रेघ तुटलेली दिसते. पान क्रमांक वाचत बसावं लागत नाही. माझ्या पहिल्या खंडात बारावा आणि तेरावा उलटे लागले होते, ते असेच सापडले. मग बारीक करवतीनं पाच खाचा. दोरा मेणाच्या गोळीवरून दोनदा ओढून घेतात. प्रत्येक जुज उघडून पोटातून सुई बाहेर, सुतळीला वेढा, परत आत. टोकाला खालच्या जुजात अडकवून गाठ. मुलगा शिवत होता आणि दादा दोरा किती ताणला जातोय ते नुसतं आवाजावरून सांगत होते. "ओढ नको, बसव." लेजर कागद जाड असल्यानं दोरा बारीक घ्यावा लागला, नाहीतर पाठीकडे फुगवटा येतो.

खळ मैद्याची, घरी शिजवलेली, त्यात चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. त्या वासानं मला वडिलांचा लगदा आठवला. तेही खळीत मोरचूद घालायचे आणि आम्हा मुलांना भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत.

कापड निवडताना बराच वेळ गेला. पाठीला काळं आणि पुठ्ठ्यावर कच्चं पांढरं असं मी मागितलं, मुखवट्याच्या त्या पट्ट्यांवरून. पांढरं सुती कापड मालेगावचं निघालं. ते हातात घेऊन मी मुलाला सांगितलं की या लोकांच्या नशिबी कापूससुद्धा सक्तीनं आला. 1917 पासून बेल्जियन काँगोत घरटी कापूस लावायची सक्ती सुरू झाली आणि उएलेचा प्रदेश त्यातला मोठा भाग होता. पुढे बांबेसाला सरकारी कापूस संशोधन केंद्रही झालं. माल बाहेर काढायला आकेटी, बोंडो, बुटा जोडणारी साठ सेंटीमीटर रुंदीची छोटी रेल्वे टाकली. मुलाचं आजोळ खानदेशात कापसाचं. त्यानं विचारलं, भाव कोण ठरवायचं. मी सांगितलं, सरकार ठरवायचं आणि ठरलेल्या कंपन्याच घ्यायच्या. त्याचा प्रश्न आणि हे उत्तर दोन्ही आता शेतीच्या प्रकरणाशेजारच्या कोऱ्या पानावर आहेत.

पाठीवरच्या नावाचा घोळ मात्र झाला. मी लिहून दिलं होतं अबाबुआ. पहिल्या खंडावर सोनेरी अक्षरांत आलं अबाबूआ. दादांचा मुलगा म्हणाला, ऐकायला दीर्घच वाटतं. त्यानं ते खरवडून पुन्हा केलं, पण नीट बघितलं तर काळ्या कापडावर जुन्या ऊकाराची सावली राहिली आहे. त्याचे पैसे त्यांनी कमी केले, मी मागितले नव्हते.

त्या निमित्तानं नावावर मात्र चांगली चर्चा झाली. मराठीत आपण शब्दाचं शेपूट बदलतो, मुलगा आणि मुलगे. या लोकांची भाषा, लिबुआ किंवा ब्वा, बांतू कुळातली आहे, आणि बांतू भाषा शब्दाचं तोंड बदलतात. त्या भागात बाजारात चालणारी लिंगाला घ्या, तीही बांतूच: एक माणूस म्हणजे मोतो, अनेक माणसं म्हणजे बातो. पुढचा मो जाऊन बा येतो. बबुआमधला ब तोच, "बुआ लोक". भाषेचं नाव करायला लि लागतो, म्हणून लिबुआ, जसं लिंगाला. मग अबाबुआमधला पहिला अ कुठला? शेजारी अझांदे लोक आहेत. त्यांची भाषा बांतू नाही, आणि तिच्यात अनेकवचनाला अ लागतो, म्हणूनच झांदेचं अझांदे. मला तरी असंच दिसतं की या नावात दोन भाषांची अनेकवचनं एकावर एक बसली आहेत. एक त्यांचं स्वतःचं आणि एक शेजाऱ्यांनी लावलेलं. मी हे सांगत असताना दादा पाठीचा पुठ्ठा कापत होते. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही अबाबुआ लोक म्हणालात की तीनदा लोक झालं." अगदी खरं आहे. तरी पाठीवर अबाबुआच ठेवलं, कारण पुस्तकात तेच छापलं आहे. आत पहिल्या कोऱ्या पानावर मी बाकीची सगळी नावं लिहिली आहेत.

ब्वा भाषा बोलणारे 1990 च्या दशकातल्या अंदाजानुसार सुमारे 2 लाख. बांतू भाषांचा जो प्रचंड पट्टा दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो, त्याच्या अगदी उत्तर टोकावरची ही भाषा. अभ्यासकांच्या यादीत तिचा क्रमांक सी 44. शाळेची भाषा फ्रेंच, बाजाराची लिंगाला आणि घरची लिबुआ. आमच्या पेठकडच्या मुलांचं काही निराळं नव्हतं. घरी कोकणा, शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजी. पहिलीतलं मूल वर्गात गप्प बसलं की काही बाई त्याला मंद ठरवायच्या. ते मूल घरी आजीशी तासभर बोलत असायचं. म्हणूनच पुस्तकातलं "यांची भाषा" हे प्रकरण मी सगळ्यात सावकाश वाचते आहे आणि तिथली कोरी पानं सगळ्यात आधी भरली.

नकाशाचं काम मला सगळ्यात आवडलं. मी ट्रेसिंग कागदावर उएलेचा नकाशा काढला होता. दादांनी दुसऱ्या खंडाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कापडी खिसा करून दिला, कडेला घडीची पट्टी ठेवून, म्हणजे नकाशा घातल्यावर खिसा ताणत नाही. त्यांनी नदीवर बोट ठेवून विचारलं, ही शेवटी कुठं जाते. उएले पश्चिमेला जाते, याकोमापाशी तिला म्बोमू मिळते, तिथून पुढे तिचं नाव उबांगी होतं, उबांगी काँगोला मिळते आणि काँगो अटलांटिक समुद्राला. आमच्या गोदावरीचं नाव उगमापासून मुखापर्यंत एकच राहतं, याचं त्यांना फार समाधान वाटलं.

एकदा दुकानात आलेल्या एका वकिलांनी विचारलं, बाई, नाशिकला बसून आफ्रिकेचं काय एवढं? वाईट हेतूनं नाही, कुतूहलानं. मी त्यांना शरणपूरची आठवण दिली. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं तिथं वस्ती उभी केली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं वाढली, लिहायला-वाचायला आणि कारागिरी शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांमध्ये तो होता आणि पुढे देहासोबत इंग्लंडपर्यंत गेला. 1875 च्या सुमारास इथले बरेच जण मोम्बासाजवळच्या फ्रेरेटाउन वस्तीत गेले. ते पूर्व आफ्रिकेचे, अबाबुआ नव्हेत, दोन्हींमध्ये शेकडो मैलांचं अंतर आहे. पण आफ्रिकन माणसाचं नाव, गाव आणि भाषा विचारणं या शहराला नवीन नसायला हवं. वकिलांनी फाइल बाजूला ठेवून पहिला खंड चाळला. मुखवट्याचं माझं रेखाचित्र बघून म्हणाले, कान फार मोठे आहेत. मी म्हटलं, ते तसेच आहेत.

मुखवट्याच्या शेजारची चार कोरी पानं मी वडिलांच्या कामाला दिली आहेत. साम्य दाखवायला नाही. अबाबुआंचा मुखवटा वेगळा, आमचं सोंग वेगळं. सोंग देवाचं असतं, त्याची कथा सगळ्या गावाला ठाऊक असते. मी तिथं एवढंच लिहिलं आहे की मुखवटा करणाऱ्याला मी कोणते प्रश्न विचारले असते. लाकूड कोणत्या झाडाचं? ते तोडायच्या आधी काही म्हणावं लागतं का? पांढरी माती कुठून आणतात? नाचून झाल्यावर तो कुठं टांगतात, आणि घरातली कोणती माणसं त्याला हात लावत नाहीत? वडिलांच्या मुखवट्याबद्दल मला ही सगळी उत्तरं माहीत आहेत. सूचीतल्या त्या मुखवट्याबद्दल यातलं एकही उत्तर फोटोखाली नव्हतं.

आता दुकानाचे दोष, कारण ते आहेत. वेळ पाळली जात नाही. तीन आठवडे सांगितले होते, साडेपाच लागले. मार्चमध्ये ऑडिटच्या फायली आणि प्रबंध एकदम येतात, त्या महिन्यात काम देऊच नका. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं, आणि गल्लीत गाडी लावायला जागा नाही. पहिला खंड सुरुवातीच्या दोन जुजांपर्यंत पूर्ण सपाट उघडत नाही, पुस्तनी, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला कागद, थोडी जास्त चिकटली आहे. दादांना दाखवल्यावर त्यांनी मान्य केलं आणि हाडाच्या पट्टीनं घोटून थोडं सैल केलं. दुसऱ्या खंडात ती अडचण नाही.

खर्च असा: दोन्ही खंडांची शिलाई, कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं धरून 1,900 रुपये. लेजर कागद वेगळा, 340 रुपये. नकाशाच्या खिशाचे 120 रुपये. छपाई मी बाहेरून करून नेली, ते त्यांच्याकडे होत नाही. साधं गोंदाचं बायंडिंग हवं असेल तर इथं जाऊ नका, ते चौकाचौकात दीडशे रुपयांत मिळतं. घरातलं जुनं पुस्तक, आजोबांच्या वह्या, नेटवरून उतरवलेला एखादा दुर्मीळ ग्रंथ असं काही वर्षानुवर्षं हाताळायचं असेल तर जा. जाताना छापण्याआधीच जा. कागद, समास, पानांचा क्रम हे सगळं ते फुकट सांगतात, आणि ते ऐकलं असतं तर माझे पहिले पैसे वाचले असते. दुकान सकाळी अकरा ते रात्री आठ, मधे दोन ते चार बंद. बुधवारी सुट्टी, कारण रविवार कारंजाचा बाजारच बुधवारी थंड असतो असं दादा म्हणतात.

मागच्या शनिवारी मी वडिलांची सोंगांची वही घेऊन गेले होते. कोणत्या वर्षी कोणतं सोंग कुणी नाचवलं, रंगाला किती पैसे लागले, असं 1968 पासूनचं टिपण आहे त्यात. पानं पिवळी पडली आहेत, कडा मोडतात. दादांनी चष्मा बदलून एकेक पान उलटलं आणि वही परत माझ्या हातात दिली. म्हणाले, हिला करवत लावायची नाही, खाचा न पाडता शिवावी लागेल. पावसाळ्यात नको, हवेत ओल असते. दिवाळी झाली की आणा, तोवर खाली-वर पुठ्ठा लावून सपाट ठेवा. आणि विचारलं, हिच्यात कोरी पानं किती घालायची.